गाळलेला उतारा

हिब्रू शास्त्राचं, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराचं, मराठी भाषांतर पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, त्याला कारण एक पत्र होतं. दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेने मला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. बाबांना मी ते सांगितलं नव्हतं.

बाबांची दृष्टी जाऊन चार वर्षं झाली. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. घरात आम्ही दोघंच. ताई फोनवर म्हणते, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त. ती हे मनापासून म्हणते, म्हणूनच त्यातून सुटायला जागा राहत नाही.

देवाला विचारावं असं मला पहिल्यांदाच वाटलं. पण विचारायचं तर नीट विचारावं, म्हणून आधीच एका कागदावर दोन रकाने आखले: 'जा' आणि 'राहा'. रोज सकाळी कामावर जाण्याआधी बाबांना तीन अध्याय मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मजकूर ज्या बाजूने बोलेल तिथे खूण करायची. मी पाण्याचे नमुने तपासते. निकाल पाहून नियम बदलायचे नसतात, एवढं मला कळतं.

बाबा खूश झाले. म्हणाले, याची मुद्रितं मी तीनदा वाचलीत, पण देवापेक्षा स्वल्पविरामच जास्त लक्षात राहिले.

विसाव्या दिवसापर्यंत 'जा'खाली सतरा खुणा झाल्या, 'राहा'खाली दोन. पहिल्या पुस्तकात तर जो तो घर सोडूनच निघतो. मला हलकं वाटायचं, आणि बाबांच्या हातात चहाचा कप नीट धरवून देताना त्याच हलकेपणाची लाज वाटायची.

चोविसाव्या सकाळी गुलामांचे नियम आले. सहा वर्षं राबलेल्याला सातव्या वर्षी मोकळं सोडायचं. पण माझा इथल्या माणसांवर जीव आहे, मी जात नाही, असं तो म्हणाला, तर त्याला दाराशी उभं करून अरीने त्याचा कान टोचायचा. मग तो कायमचा तिथलाच.

माझी नजर ओठांच्या दोन ओळी पुढे होती. मी तो उतारा सोडला आणि पुढच्या नियमापासून वाचू लागले.

टेबलावर ओळीओळीने सरकणारं बाबांचं बोट थांबलं.

"मजकूर गळलाय."

"नाही, बाबा."

"दाराशी कान टोचतात तो कुठे गेला?"

मी मागे जाऊन वाचलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ओळ चुकणारी तू नव्हेस. मुद्दाम गाळलीस. का?"

नको असलेला नमुना असा कुणी प्रयोगशाळेत फेकून दिला असता, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. मी पत्राचं सांगून टाकलं, रकान्यांचंही.

बाबा चष्मा पुसत बसले. तो ते आता निव्वळ सवयीने लावतात. जा, असं ते म्हणाले नाहीत. राहा, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नकाराचं पत्र लिहिलं. त्या गुलामाच्या एका खुणेने सतरा खुणांवर मात केली होती, आणि हा हिशोब कुठल्याच शास्त्रात बसत नाही, हे मला कळत होतं. बाबा म्हणाले, पाठवण्याआधी वाचून दाखव.

"वडिलांच्या प्रकृतीमुळे मला येणं शक्य नाही," मी वाचलं.

"पहिले दोन शब्द खोड. माझे डोळे गेलेत, प्रकृती ठणठणीत आहे."

"मग कारण काय लिहू?"

"खरं असेल ते. त्या गुलामाने निदान स्वतःच्या तोंडाने सांगितलं, जीव आहे म्हणून राहतो. तुला तसं म्हणवत असेल, तर तसं लिही."

मी ते दोन शब्द खोडले. उरलेलं वाक्य पुन्हा वाचलं: मला येणं शक्य नाही. ते खरं आहे की नाही, ते सांगता येईना. जीव आहे, असं लिहायला पेन टेकवलं. तेही पूर्ण खोटं नव्हतं, पण हात पुढे सरकेना. कामावर जायची माझी आठ-दहाची बस कोपऱ्यावर थांबली आणि निघून गेली. समोर बाबा टेबलावर बोट ठेवून बसले होते, आम्ही थांबलो होतो त्याच ओळीवर.