सरदारबी चाचींचा लेखनाचा पेपर

नळदुर्गात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या सरदारबी चाची एकसष्टाव्या वर्षी माझ्याकडं लिहायला-वाचायला शिकल्या. मी बी.ए.ला होते आणि आमच्या गल्लीतला साक्षरता वर्ग घेत होते.

आकडेमोड त्यांना शिकवावीच लागली नाही. बाईचा हात नुसता दाबून सव्वादोनचं माप की अडीचचं, हे त्या सांगायच्या. वाचनही लवकर जमलं. लिहिताना मात्र जोडाक्षर आलं की पेन थांबायचा.

मार्चमध्ये शाळेत परीक्षा झाली. पोरांच्या बुटक्या बाकांवर चौदा बायका बसल्या होत्या. पाणी-कागद द्यायला मी वर्गातच होते. शेवटचा प्रश्न होता, 'तुमच्या कामाबद्दल पाच वाक्यं लिहा.' चाची दोन वाक्यांवर अडल्या. पर्यवेक्षक सर दाराकडं वळलेले पाहून मी वाकले आणि पुढचं वाक्य त्यांच्या कानात सांगितलं.

चाचींनी पेन खाली ठेवला. "बेटी, तू सांगितल्यालं लिहिलं तर पास कोण हुईल? तू का मी?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. मी गुपचूप बाहेर गेले.

निकालात तेराजणी पास झाल्या. चाचींच्या नावापुढं, लेखनात 'सुधारणा आवश्यक'. त्यांचा मुलगा अल्ताफ म्हणाला, "अम्मी, लोक हसायलेत. बस झालं आता."

"हसू दे. एकच इषय ऱ्हायलाय," चाची म्हणाल्या.

लाजेनं मी त्यांच्या दुकानापुढून जायचं टाळत होते. शेवटी चाचीच वही घेऊन आमच्या घरी आल्या. "रागावलीस व्हय? चल, जोडाक्षरं घे."

मग चार महिने रोज दुपारी त्या लिहीत बसल्या. गिऱ्हाईक नसलं की दुकानातसुद्धा, बांगड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर. खोडायच्या, पुन्हा लिहायच्या.

सप्टेंबरच्या परीक्षेला मी फाटकाबाहेरच थांबले. चाची सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या. "पाच वाक्यं मागितली हुती, मी नऊ लिहिली. कागद संपला म्हणून थांबले."

लेखनात पन्नासपैकी एक्केचाळीस!

प्रमाणपत्र द्यायला तालुक्याहून साहेब आले. अल्ताफ इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांत पुढं बसला होता. चाचींचं नाव पुकारताच पहिली टाळी त्यानंच वाजवली. पुढं जाताना वाटेत थांबून चाचींनी माझा हात धरला आणि मला ओढतच साहेबांपुढं नेलं.

"हिनं शिकवलं," त्या म्हणाल्या.

पुढं मी बी.ए. पहिल्या वर्गात पास झाले, पण त्या दिवसाइतक्या ताठ मानेनं मी कधीच उभी राहिले नाही.