थोरलीचे कान

"आधीच सांगून ठेवते, यावर तुझा विश्वास बसायचा नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही."

मागखात्यात नवी पोर आली की थोरली तिला ही गोष्ट सांगते आणि सुरुवात अशीच करते. सांगते म्हणजे नुसते ओठ हलवते. यंत्रमागांचा खडखडाट असा की कानाशी ढोल बडवला तरी कळू नये. तिथे घसा फोडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून त्या खात्यातल्या बायका ओठांनी बोलतात. शब्द तोंडात ऐसपैस करायचा, भुवया मदतीला घ्यायच्या, की पार पलीकडच्या मागावरची बाईसुद्धा तुमची सुनेबद्दलची तक्रार अक्षरन् अक्षर वाचते आणि वर स्वतःची जोडते. ही विद्या थोरलीला तिच्या आधीच्या बायकांनी दिली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.

परवा आलेल्या नवीला त्यातलं निम्मं कळत होतं. उरलेल्या निम्म्याला ती मान डोलावत होती. थोरलीला त्याचं काही नाही. गोष्टीत ती स्वतःलाही 'थोरली'च म्हणते, जशी कुणी शेजारीण.

तर तेव्हा झुपकेसाहेब नुकतेच आले होते. साहेबांच्या मिशा अशा घनदाट की वरचा ओठ, खालचा ओठ, सगळा कारभार पडद्याआड. खात्यात उभं राहून ते काही सांगू लागले की बायकांना फक्त झुपका हलताना दिसायचा. वाऱ्यानं हलतोय की रागानं, तेवढंच काय ते ओळखायचं. म्हणून साहेबांचे हुकूम फळ्यावर लागायचे. एके दिवशी लागलं: सर्वांच्या कानांची तपासणी होईल. धोक्याची घंटा ज्यांना ऐकू येणार नाही त्यांना, त्यांच्याच भल्यासाठी, घरी बसवलं जाईल.

आता ती घंटा त्या खडखडाटात कुणाच्या बापाला ऐकू येत नव्हती. वाजली की दाराजवळची बाई ती हलताना बघायची आणि ओठांनी खबर द्यायची, की खातं रिकामं. पण हे साहेबांना कोण सांगणार? थोरलीचे कान तर कधीच गेले होते. मागांनीच खाल्ले, आणि खरकटंही तिनंच काढायचं.

साहेब हुशार. तरण्या पोरी सगळ्या तात्पुरत्या कामावर होत्या. त्यांना खोलीत बोलावून म्हणाले, "म्हाताऱ्या गेल्या की त्यांच्या जागी तुम्ही कायमच्या."

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, पण हात कुणाचा पुढे होईना. शेवटी टिवटिव नावाची पोर, जिचं तोंड झोपेतही चालू असायचं, ती थोरलीला म्हणाली, "मावशी, तुमची जागा मला देतायत."

"घे की मग. घरी खाणारी तोंडं काय कमी आहेत तुझ्या?"

"घेतली असती हो. पण सूत तुटलं की विचारू कुणाला? झुपक्याला?" तिनं डबा पुढे सरकवला. "आणि माझे कान गेले की माझी जागा कुणाला देणार ते? खा मुकाट्यानं."

टिवटिवनं त्या तपासणीची सगळी कुंडली फोनवर काढून ठेवली होती. कानाला टोपण लावून, यंत्राकडे पाठ करून बसवतात. आवाज आला की बोट वर करायचं. आणि आवाज सोडला की यंत्रावर बारीक दिवा लागतो. तपासणी साहेबांच्या खोलीत होती, आणि खात्यावर नजर ठेवायला साहेबांनी त्या खोलीला हौसेनं काच बसवून घेतलेली.

ओठ वाचायला म्हाताऱ्यांना कुणी शिकवायला नको होतं. घोडं अडलं ते चेहऱ्यावर. जन्मभर भुवयांनी बोललेल्या बायका. वाचलं की चेहरा उत्तर देणारच. मग शिकवणी उलटी बसली. टिवटिव फोनचा दिवा लावून ओठांनी 'आता' म्हणायची आणि म्हाताऱ्या समोर रांगेत.

"मावशी, भुवई हलली."

"मी नाही हलवली. तिची ती हलते."

"फोनमध्ये डोकं घातल्यावर आमचं तोंड कसं होतं? तसं करा."

"मेल्यासारखं?"

"अगदी तस्सं."

तपासणीच्या दिवशी थोरली मेल्यासारखं तोंड करून बसली. काचेपलीकडे टिवटिव मागावर. दिवा लागला. "आता," टिवटिवचे ओठ म्हणाले. बोट वर. "आता." बोट वर. "डॉक्टर नाक कोरतोय. आता." बोट वर, आणि भुवई, देवाची शपथ, जागच्या जागी. साहेब शेजारीच उभे, पण त्यांना वाटलं, पोरी काहीतरी चघळतायत. डॉक्टरनं आवाज कमी करत करत डासाच्या उसाशाइतका केला, तरी बोट वर. शेवटी त्यानं टोपण स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. त्याला काही ऐकू येईना. बिचाऱ्यानं घाम पुसला आणि लिहिलं, कान मांजरीचे. बाकीच्या म्हाताऱ्याही एकजात मांजरी निघाल्या.

मग पोरींची पाळी. डॉक्टरनं आवाज वाढवत वाढवत असा केला की टोपणातून खोलीभर ऐकू आला. टिवटिवचं बोट मांडीवर.

"ऐकू येतंय का?"

"अं?"

"नाव काय तुझं?"

"जेवले मघाशीच."

तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांचं "अं?" एकाच सुरात. फळ्यावरच्या हुकमाप्रमाणे आता सगळ्या तरण्या घरी आणि सगळ्या म्हाताऱ्या कामावर. माग चालवायचे कुणी? शिवाय या कारखान्यात ऐन तरण्या वयात कान जातात, असं डॉक्टरच्या सहीनं वर गेलं, तर साहेब कुठल्या मिशीनं वर तोंड दाखवणार? संध्याकाळच्या आत फळा पुसला गेला. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना कानात घालायची बोंडं आली, तीही फुकट.

इथवर आल्यावर थोरलीनं नवीकडे पाहिलं. पोर मान डोलावतच होती. मग थोरलीनं तोंड आणखी ऐसपैस केलं.

"आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः खाली आले. तडक थोरलीच्या मागापाशी. सगळ्यांसमोर, आवाज न करता, ओठांनी म्हणाले, 'बाई, चुकलं माझं.' थोरलीनं स्वच्छ वाचलं, एकेक अक्षर."

आणि ती थांबली, नेहमी इथेच थांबते तशी.

नवीची मान डोलायची राहिली. तिनं तुटलेल्या सुताला गाठ मारली, सावकाश वर पाहिलं, दोन्ही भुवया कपाळात नेल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. आवाज मागांनी गिळला. पण शब्द इतके ऐसपैस होते की पार टोकाच्या मागापर्यंत साऱ्या खात्यानं ते वाचले.

"खोटं, मावशी. त्या झुपक्यातनं ओठ दिसले कुठून?"