वाघबारशीचा वाघ

सुभद्राने त्या पिल्लाला नाव दिलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला देऊही दिलं नव्हतं. नाव आलं की लाड आले, असं तिचं सरळ म्हणणं.

कट्टा गावाच्या वर, काजूच्या बागांपलीकडे जखमी वन्यप्राण्यांचं एक छोटं केंद्र होतं. बिबट्याचं हे पिल्लू तिथे आलं तेव्हा मांजराएवढं होतं. त्याची आई हायवेवर गाडीखाली सापडली होती. त्याला बाटलीने दूध पाजायचं काम सुभद्राकडे आलं. ती तोंडावर गोणपाट ओढून, चकार शब्द न काढता पाजायची. पिल्लू मांडीवर चढून झोपू बघायचं तेव्हा तिचा जीव तुटायचा, तरी ती त्याला उचलून खाली ठेवायची. माणसाची सवय लागली तर त्याच्या नशिबी जन्मभर पिंजराच होता. आता ते चांगलं थोराड झालं होतं आणि माणसाची चाहूल लागताच झुडपात दडायचं. पुढच्या महिन्यात त्याला रानात सोडायचं ठरलं होतं.

आणि नेमके तेव्हाच परशुराम उगवले. गावचे मानकरी आणि सुभद्राचे थोरले चुलत दीर. त्यांच्या गावात वाघबारशीला एकाला रंगवून वाघ करतात आणि सगळा गाव काठ्या आपटत त्याला शिवेबाहेर रानात पिटाळतो. वाघ होण्याचा मान सुभद्राच्या सासरचा, पण तिचा नवरा यंदा बोटीवर होता. परशुरामांनी तोडगा काढला होता: खरा वाघ, म्हणजे केंद्रातलं ते बिबट्याचं पिल्लू, देवळात आणायचा, पोरं हात लावतील, मुंबईकर फोटो काढतील. केंद्राच्या डॉक्टरीणबाई पुण्याला गेल्या होत्या आणि पिंजऱ्याची किल्ली सुभद्राच्या कमरेला होती.

सुभद्राने नाही म्हटलं. मग घराचा मान दुसरीकडे जाईल, असं त्यांनी बजावलं. वर, चार पैशांच्या नोकरीसाठी कुळाला बट्टा लावतेस, हेही ऐकवलं. सुभद्राचं डोकं फिरलं, पण ती गप्प राहिली. परशुरामांना वाटलं, घरची सून वरमली.

वाघबारशीला देवळासमोर गाव जमला आणि सुभद्रा आली. नवऱ्याची जुनी पँट, अंगभर हळद, त्यावर कोळशाचे ठिपके. पट्टे नव्हेत, आपल्या रानातला वाघ कसा दिसतो ते तिला चांगलं माहीत होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. बाईमाणूस कधी वाघ होतं काय, म्हणून परशुराम तडकले.

"दरवर्षी तुमी वाघाक रानात धावडवतास," ती म्हणाली. "मगे यंदा तेका देवळात खेळवूक कित्याक होयो? मान आमच्या घराचो आसा. वाघ मी. घेवा काठी आणि धावडवा माका."

कुणी हललं नाही. मग म्हाताऱ्या आनंदीबाईंनी आपली टेकायची काठी जमिनीवर आपटली आणि "जा रे वाघा रानात," असा खणखणीत आवाज दिला. पाठोपाठ सगळा गाव उठला. सुभद्रा डरकाळी फोडून जी पळाली, ती शीव ओलांडूनही थांबली नाही. घाटी चढून ती थेट केंद्रावर गेली.

जाळीपलीकडे पिल्लू उभं होतं. आज तिच्या तोंडावर गोणपाट नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, दात विचकले, फिस्कारलं आणि ते पाठ फिरवून झुडपात नाहीसं झालं. सुभद्राचे डोळे भरून आले. शाबास म्हणावंसं तिला फार वाटलं, पण तो शब्दही तिने गिळला.