अधिकाचं वाण, चारशे अठ्ठावन्न बोअर

निशिकांत टिपणीसला त्या रायफलीतून रीजनल मॅनेजरची खुर्ची मिळायची होती. खुर्चीसोबत कंपनीची गाडी येत होती, आणि पार्टीत साहेबांच्या बायकांमध्ये त्याच्या बायकोला, सुलेखाला, मानाने उभं राहता येणार होतं. हे शेवटचं सुलेखाने कधी मागितलं नव्हतं. यादी लांब दिसावी म्हणून त्यानेच ते घातलं होतं.

सिंगापूरच्या तुआस भागातली त्याची कंपनी जहाजांची इंजिनं दुरुस्त करायची. निशिकांत तिथे अकाउंट्सचा प्रमुख. रीजनल मॅनेजर दिलीप वर्षअखेरीला नोकरी सोडून पुण्याला परतणार होता आणि त्याच्या जागी कोण, हे ग्रॅहम नावाचा ऑस्ट्रेलियन साहेब ठरवणार होता. हा ग्रॅहम दर ऑगस्टला डार्विनजवळच्या रानात रानरेडे मारायला जायचा. चार वर्षांपूर्वी त्याने दिलीपला बरोबर नेलं, आणि त्याच डिसेंबरात दिलीप मॅनेजर झाला. निशिकांतने दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडल्या आणि त्याला तेवढा पुरावा पुरला. २००४ च्या जूनमध्ये ग्रॅहमने त्याला विचारलं, येतोस का. अट एकच होती: ज्याने त्याने आपापली रायफल आणायची, आणि रेड्यासाठी ती मोठ्या बोअरचीच, म्हणजे रुंद नळीचीच हवी.

मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये रायफल ठेवणं म्हणजे तुरुंगाची चौकशी स्वतःहून करणं. पण निशिकांतची थोरली बहीण मधुरा डार्विनलाच राहायची. तिचा नवरा मनोहर पूर्वी जहाजावर चीफ इंजिनिअर होता. आता तो तिथल्या बंदरात नोकरी करायचा आणि रविवारी रानडुकरं मारायला जायचा. परवाना होता, घरात बंदुकांचं लोखंडी कपाटही होतं. निशिकांतने एक्सेलमध्ये अकरा रायफली उतरवून काढल्या. त्यातली सर्वांत स्वस्त होती चारशे अठ्ठावन्न बोअरची, वजनाला हलकी, डार्विनच्याच दुकानात, दुर्बिणीसकट नऊशे डॉलरला. आधीच्या मालकाने तिच्यातून फक्त तीन गोळ्या झाडल्या होत्या.

"म्हणजे नवीच की, भावोजी," निशिकांत फोनवर म्हणाला.

मनोहर म्हणाला, "तीन झाडून माणसाने विकली का, हे विचारलंस?"

निशिकांतने विचारलं नव्हतं. किंमत कमी असली की तो कारण विचारत नसे. कारण कळलं तर किंमत वाढते, असा त्याचा अनुभव होता.

पैशांचा प्रश्न मात्र अवघड होता. कायद्याने रायफल मनोहरची राहणार, त्यामुळे खरं तर त्याने निम्मे द्यायला हवे होते. पण बहिणीच्या नवऱ्याकडे निम्मे मागायचे कोणत्या तोंडाने? त्यातून आई आशालताबाई सिंगापुरात लेकाकडेच मुक्कामाला होत्या. वाट त्यांनीच दाखवली. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं, वडील नाहीत तर ते लेकाने द्यावं. निशिकांतला हे एकदम पटलं. नाही तरी तेहतीस अनारशांखाली चांदीचं ताट द्यावंच लागलं असतं; खर्च एकच, पुण्य वर. रायफलीबरोबर दुकानदार सदतीस काडतुसं देत होता. त्यातली तेहतीस वाणाची आणि चार स्वतःची, अशी त्याने वाटणी केली. वाणाला रायफलच कशासाठी, असं आईने विचारलं तेव्हा तिकडे मगरी फार आहेत म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"जाळीदार पदार्थ द्यावा म्हणतात अधिकात," सुलेखा म्हणाली. "ही ज्याला लागेल तो जाळीदार होईल."

आशालताबाई हसल्या नाहीत. त्यांनी लेकाला एवढंच बजावलं, की दिलेलं वाण परत मागू नये, आपणहून हातही लावू नये. जावई आपण होऊन देतील तर घ्यावं.

मग पाच आठवडे निशिकांत ऑफिसातून आल्यावर छत्री खांद्याला लावून बाल्कनीतून समुद्रातल्या जहाजांवर नेम धरत असे. क्षिप्रा, त्याची पंधरा वर्षांची लेक, गृहपाठातून मान वर करून सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "पप्पा, डोंट एम्बॅरस अस लाह. नेबर्स कॅन सी."

डार्विनला पोहोचल्यावर मधुराने त्या नव्या रायफलीला हळदकुंकू लावलं, मनोहरला ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं मैदानावर सरावाला गेले. मनोहरने आपण होऊन रायफल पुढे केली, म्हणून नियम मोडला नाही. निशिकांतने आपल्या चारांतलं एक काडतूस भरलं. मनोहरने सांगितलं, दस्ता खांद्यात घट्ट रोव, डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब ठेव. छत्रीला दुर्बीण नसते. निशिकांतने नीट दिसावं म्हणून डोळा जवळ नेला आणि चाप ओढला. रायफल हलकी असली तर धक्का सगळा माणसाला बसतो, हे त्याच्या एक्सेलमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं. दुर्बिणीच्या कडेने त्याच्या भुवईवर अर्धचंद्र कोरला. चार टाके पडले, आणि खांदा रात्रीपर्यंत वांग्याच्या रंगाचा झाला. गोळी कुठे गेली ते कोणी पाहिलं नाही.

घरी परतताना त्याने उरलेली तीन काडतुसं मनोहरच्या हातावर ठेवली. तुमच्याकडेच राहू देत, म्हणाला. आधीच्या मालकाने तीन झाडून ती का विकली, हे आता विचारायची गरज नव्हती.

शिकारीला मनोहर बरोबर गेला, कारण रायफल त्याची. ग्रॅहमला एक माणूस जास्त आल्याचं काही वाटलं नाही. वाटेत त्याने निशिकांतच्या पट्टीकडे पाहून, असं सगळ्यांना एकदा होतं, अशी समजूतही घातली. सकाळी नऊच्या सुमाराला पाणथळ जागेच्या कडेला एक रेडा दिसला. साठ पावलांवर, आडवा उभा, शिंगं मोटारीएवढी रुंद वाटावीत असा. ग्रॅहमने बोटानेच निशिकांतला खूण केली, की हा तुझा.

रायफल मनोहरच्या हातात होती. त्याने ती पुढे केली.

"घे. घाई करू नकोस, डोळा लांब ठेव."

निशिकांतने हात उचलला. खांद्यात कळ आली आणि हात तिथेच राहिला. रेडा चरत होता. ग्रॅहम बघत होता. हे सगळं ज्या एका क्षणासाठी केलं तो हाच, हे निशिकांतला नीट कळत होतं. त्याला न कळणाऱ्या गोष्टी फार थोड्या.

"नको, भावोजी," तो म्हणाला. "वाण दिलेलं आहे. दिलेलं परत घेत नाहीत."

"मी देतोय की आपण होऊन."

"तरी नको."

मनोहरने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि रायफल खांद्याला लावली. एका गोळीत रेडा गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. दोघांत काय बोलणं झालं, असं ग्रॅहमने विचारलं. मनोहरने मेव्हण्याची बाजू सांभाळत सांगितलं, की आमच्यात धाकट्याने मान द्यायची रीत असते. ग्रॅहमने मान डोलावली. पट्टी त्याला दिसत होतीच.

संध्याकाळी शेकोटीपाशी मनोहर आणि ग्रॅहम यांचं बोलणं एका जहाजाच्या फुटलेल्या सिलिंडरवर गेलं आणि तिथेच तीन तास राहिलं. निशिकांत डाव्या हाताने जेवत होता. दोनदा त्याने त्या दुरुस्तीला किती खर्च आला असेल ते सांगितलं. आकडा बरोबर होता.

डिसेंबरात मनोहर रीजनल मॅनेजर होऊन सिंगापूरला आला. मधुराला जुरोंग ईस्टला घर मिळालं. आईला दोन्ही मुलं एका गावात आली याचा इतका आनंद झाला की तिने हे सगळं अधिकाच्याच पुण्याचं ठरवलं. ऑफिसात निशिकांत मनोहरला 'सर' म्हणू लागला, घरी 'भावोजी', आणि लिफ्टमध्ये काहीच नाही. रायफल सिंगापुरात येणं शक्य नव्हतं. मनोहरने ती डार्विनलाच बाराशेला विकली, कारण आता तिच्या नावावर एक रेडा होता. निम्मे पैसे मेव्हण्याला द्यावेत असं मधुरा म्हणाली. आशालताबाईंनी तिला गप्प केलं.

आता कोणी काय दिलं, ते बघू. ग्रॅहमने आपलं पेट्रोल दिलं. मनोहरने एक काडतूस दिलं, तेही वाणातलं. रेड्याने काय दिलं ते सांगायला नको. नऊशे डॉलर, विमानाचं तिकीट, चार टाके आणि खुर्ची निशिकांतने दिली. मनोहरच्या प्रवासाचा, सामान हलवण्याचा आणि जुरोंगच्या पहिल्या महिन्याच्या भाड्याचा खर्च कंपनीने दिला. त्या बिलांतली प्रत्येक रक्कम तपासून, एका जागी अकरा डॉलर जास्त लावलेले खोडून, मंजुरीची सही निशिकांतनेच केली.