वाळूवर राहिलेली विहीण

पेर्पेतुआबाईंची अट सरळ होती. त्यांची रोवेना आमच्या एल्मरशी लग्न करून बेटावर राहायला येणार असेल, तर आधी त्या स्वतः आमच्या होडीत बसून एक दिवस समुद्रावर काढणार. दिवस सुखाचा गेला तर होकार. नाहीतर पोरगी त्यांच्या भातशेतीच्या गावातच राहील, आणि एल्मरला हवं तर त्याने तिथे येऊन नांगर धरावा.

"मी धरीन नांगर," एल्मर म्हणाला होता. पण हे म्हणताना तो रोवेनाकडे बघत होता, आणि तिच्याकडे बघताना तो काहीही कबूल करतो. तो आमचं शेंडेफळ. बाकीची मुलं मनिलात आणि त्याच्याही पलीकडे गेली. हाही गेला असता तर घरात मी आणि माझी बायको सालबा, आणि किनाऱ्यावर वाळत पडलेली होडी. म्हणून त्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्याबरोबर आम्ही निघालो, तेव्हा मला खरं तर रात्रभर झोप नव्हती.

होड्या दोन. एक माझी, आणि दुसरी सालबाच्या भावाची, लुसियोची. त्याची जरा मोठी, कारण त्याचे दोन मुलगे, सुना, नातवंडं असा बारदाना असतो. जायचं होतं आखाताच्या मध्यावर. तिथे ओहोटीला वाळूचा लांब दांडा उघडा पडतो. तिथे कोंबडी भाजायची, भात खायचा, पोहायचं आणि भरती लागली की शीड उभारून घरी. आमच्याकडे सुटीचा दिवस असाच जातो.

पेर्पेतुआबाई गुलाबी फुलांचा झगा घालून आणि लाल छत्री घेऊन आल्या. होडीत पाय टाकण्याआधी त्यांनी क्रूसाची खूण केली आणि सान इसिद्रोचं नाव घेतलं.

"विहीणबाई, तो शेतकऱ्यांचा संत," लुसियो त्याच्या होडीतून म्हणाला. "त्याला पाण्यातलं काय कळतं?"

"माझं त्याला कळतं, तेवढं पुरे," बाई म्हणाल्या.

आमच्या होडीला दोन्ही बाजूंनी उलांड्या असतात, होडी कलंडू नये म्हणून आडव्या बांबूंच्या टोकांना बांधलेले तरंगते सोट. वारा भरला की वाऱ्याकडची उलांडी पाण्यातून उठते. मग ती दाबायला माणसाने आडव्या बांबूंवरून बाहेर जाऊन बसायचं. एकाला बसावं लागलं तर एका माणसाचा वारा, दोघांना बसावं लागलं तर दोघांचा. इथे वारा असाच मोजतात. म्हणून होडीत माणसं बसवताना मी नातं बघत नाही, वजन बघतो. पेर्पेतुआबाई अंगाने चांगल्या भरलेल्या. मी त्यांना वाऱ्याच्या बाजूला, फळीवर बसवलं आणि मनात म्हटलं, आज एल्मरला बाहेर जावं लागणार नाही.

आणि तसंच झालं. वाटेत दोघांचा वारा सुटला. लुसियोचे मुलगे त्यांच्या बांबूंवर जाऊन बसले. माझी होडी मात्र जेवणाच्या टेबलासारखी सपाट चालली होती.

"मानोंग!" लुसियो ओरडला. थोरल्या भावाला आमच्याकडे अशीच हाक मारतात. "तुझी उलांडी आज उठतच नाही. काय भरलंयस?"

त्याची पोरं हसली. मला हसू आवरलं नाही. अगदी थोडं, नाकातल्या नाकात. पण सालबाने बघितलं, आणि पेर्पेतुआबाईंनीही. त्यांनी छत्री आमच्या बाजूला कलती केली. मग दांड्यापर्यंत मला फक्त छत्रीच दिसली.

वाळूवर सगळं ठीक झालं असं मला वाटलं. कोंबडी चांगली भाजली होती. बाईंनी दोनदा भात घेतला. लुसियोने माडी काढली, त्याही घोटभर प्यायल्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "विहीणबाई, लुसियोच्या जिभेला हाड नाही."

"त्यांच्या जिभेचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुमच्या नाकाचं काय?"

मग त्या सालबाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "परत जाताना मी तुमच्या भावाच्या होडीत बसेन. तोंडावर बोलणारा माणूस परवडला."

रोवेनाचा चेहरा उतरला. एल्मर माझ्याकडे असा बघत राहिला की मी उठून विस्तव विझवायला गेलो.

भरती लागली तशी आवराआवर सुरू झाली. आमच्या त्या दांड्याचं असं आहे की पाणी एकदा चढायला लागलं की वाट बघत नाही. लुसियोने पोरं गोळा केली, होडी ढकलली आणि तो पुढे निघाला. त्याचं शीड आमच्या बाजूला होतं. त्याच्या मागे कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं. सालबाने पातेली चढवली, रोवेना चढली, एल्मरने ढकललं. पेर्पेतुआबाई कुठे, असं कुणी विचारलंच नाही. त्या कुठे बसणार ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

अर्ध्या वाटेवर वारा वाढला. परत दोघांचा, सकाळी होता तसाच. एल्मर बांबूवर गेला, मी रोवेनालाही फळीवर सरकायला सांगितलं. आणि सहज पुढे बघितलं. लुसियोचे दोन्ही मुलगे बाहेर अगदी टोकाला बसले होते, तरी त्यांची उलांडी पाण्यातून वर येत होती आणि धप्पकन आपटत होती. पुन्हा वर, पुन्हा धप्प.

मी थोडा वेळ बघत राहिलो.

"एल्मर," मी म्हटलं, "मामाला हाक मार. विचार, विहीणबाई कुठे बसल्यात."

"कुठे म्हणजे?"

"विचार आधी."

त्याने हाक मारली. लुसियोने कानाला हात लावला, मग ओरडला, "तुमच्याकडे ना! तुमची विहीण, तुम्हीच सांभाळा!" आणि तो हसला. मग आमच्याकडे कुणी हसत नाही हे बघून तो थांबला.

रोवेनाने फोन काढून आईला लावला. सालबाच्या पायाशी, भाताच्या पातेल्याखालच्या पिशवीत, कोंबडा आरवला. बाईंच्या फोनची तीच घंटी होती. तो आरवत राहिला आणि रोवेना फोन कानाला लावून ऐकत राहिली.

"आईला पोहता येत नाही," ती म्हणाली. तेवढंच.

मी होडी वळवली. आता वारा तोंडावर होता. सरळ जाणं शक्यच नव्हतं. एकदा इकडे, एकदा तिकडे, असं तिरपं तिरपं चढायचं. लुसियोही वळला, पण त्याची होडी जड, ती मागे पडत गेली. एल्मर बांबूच्या टोकाला गेला. त्याच्यामागे रोवेना गेली. ती याआधी कधी बांबूवर बसलेली नव्हती. तिने दोन्ही हातांनी दोर धरला आणि नजर पुढे लावली.

एल्मरने ओळखीच्या मोटरहोडीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, यंत्र खोलून ठेवलंय. दुसरा कोंबड्यांच्या झुंजीला गेला होता.

सालबाने जपमाळ काढली. ती मणी ओढत होती आणि मध्येमध्ये माझ्याशी बोलत होती.

"वजनाची थट्टा कुणी केली?"

"तुझ्या भावाने."

"आणि हसलं कोण?"

मी शिडाकडे बघितलं.

"लग्न राहू दे," ती म्हणाली. "लग्नाचं मी काही मागत नाही. ती बाई फक्त उभी असू दे." आणि ती पुढच्या मण्यावर गेली.

मीही तेच मागत होतो. सकाळपासून होकार, होकार असं चाललं होतं माझ्या डोक्यात. आता ते सगळं कुठल्या कुठे गेलं. एका बाईला आम्ही घरातून नेलं आणि पाण्यात ठेवून आलो, एवढंच उरलं.

दांडा होता तिथे वाळू दिसत नव्हती. नुसता फिकट हिरवा पट्टा, आणि मासे धरायच्या जुन्या कुंपणाचे दोन खांब. मी एल्मरला म्हटलं, बघ. त्याची नजर चांगली. तो बघत राहिला. शेवटी रोवेनाच म्हणाली, "लाल."

पाण्यावर लाल छत्री होती. सरळ, उघडी. आणखी जवळ गेल्यावर छत्रीखालचा गुलाबी झगा दिसला. पेर्पेतुआबाई मांडीभर पाण्यात खांबाला पाठ लावून उभ्या होत्या. चपला काखेत, छत्री डोक्यावर. बसची वाट बघावी तशा.

एल्मरने उडी मारली आणि पाणी तुडवत गेला.

"उचलू नकोस मला," बाई म्हणाल्या. "मी चालत आले होते, चालत येते."

त्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. मी आणि सालबाने वरून ओढलं, एल्मरने खालून आधार दिला. बराच वेळ लागला. कुणी हसलं नाही. रोवेना आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, तर त्या म्हणाल्या, "झगा भिजलाय, तू कशाला भिजतेस," आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "मी नाही हे कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या."

"कधी? घरी पोचून ताटं वाढताना लक्षात येईल असं मी धरून चालले होते. तोवर मी काही राहत नव्हते."

"अर्ध्या वाटेवर."

"मी त्या टोकाला गेले होते," त्या सालबाकडे वळून म्हणाल्या. "छत्रीच्या आडोशाला. तुम्ही लोक सगळं पाण्यातच उरकता, मला ते जमत नाही. वळून बघते तर शिडं निघालेली. ओरडले, पण शिडांच्या फडफडीत कुणाला ऐकू गेलं नाही." मग पुन्हा माझ्याकडे वळून, "अर्ध्या वाटेवर कसं कळलं? मोजलीत माणसं?"

खोटं सांगायचं मनात आलं होतं. सालबाने डोळ्यांनी सांगितलंही, सांग की मोजली. पण मला त्या बाईंशी पुन्हा नाकातल्या नाकात वागायचं नव्हतं.

"लुसियोची उलांडी उडत होती," मी म्हटलं. "तुम्ही बसलेल्या होडीची उडाली नसती."

सालबाने डोळे मिटले.

पेर्पेतुआबाईंनी छत्री मिटली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं आता रडतात. पण त्या हसत होत्या, अगदी आतून, पोट धरून.

"माझा नवरा," त्या म्हणाल्या, "देव त्याचं भलं करो, एकदा मला बाजारात विसरून घरी गेला. गाडीत कांदे होते, गूळ होता, बायको नव्हती. घरी जाऊन झोपला. ताटात भात आला नाही तेव्हा कुठे त्याला माझी आठवण झाली. आणि तुम्हाला मैलभर लांबून, दुसऱ्याच्या होडीकडे बघून कळलं." त्यांनी डोळे पुसले. "पण माझी पोरगी बघा, कशी काडीसारखी. ही मागे राहिली तर तुम्हाला काय कळणार? हिला आधी खायला घाला."

मग एल्मर बांबूवरून म्हणाला, "नानाय, म्हणजे हो?"

"मला अजून नानाय म्हणू नकोस, मी काही तुझी आई झालेले नाही. भातकापणी होऊ दे. त्याआधी मला सवड नाही." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि मी येईन तेव्हा मला जाताना-येताना याच होडीत बसवायचं. त्या तोंडावर बोलणाऱ्याच्या होडीत नाही."

मला हसावं की रडावं कळेना. सुकाणूच्या वल्ह्यावरचा हात सोडायला गेलो तर बोटं उघडेनात. सालबाने ती एकेक करून सोडवली आणि वल्हं एल्मरच्या हाती दिलं. किती वर्षांनी मी माझ्याच होडीत नुसता बसलो होतो.

लुसियो तोवर जवळ आला होता. टोपी हातात, तोंडातून शब्द नाही. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

"कोंबडी उरलीय का कुणाकडे?" पेर्पेतुआबाईंनी त्याला विचारलं. "उभं राहून भूक लागते."

त्याने अख्खी टोपलीच पुढे केली.