तारखा चरोद्याच्या

"तुले तुमसरलेच जाऊन बाळंत होयाचं होतं? इथं का दवाखाने बंद पडले होते?"

"पयलं बाळंतपण माहेरीच होते. तुमच्याच मायनं डब्बा बांधून गाडीत बसवलं मले. अठरा वर्सानं आता इचारता?"

प्रवीण आन रेणू, नवरा-बायको, कचेरीच्या खिडकीसमोर भांडून रायले. मंदात त्याइची पोट्टी भूमिका, हातात मूल निवासीचा, म्हंजे इथलेच रहिवासी असल्याच्या दाखल्याचा फारम. मी रेणूच्या झोऱ्यात.

मी एक जुना टिक्याचा कार्ड हावो, मित्रांनो. लेकराले सुई टोचली का तारीख माह्यावर चढते. जाडा पिवळा कागद, चार घड्या, कोपऱ्याले तेलाचा डाग. हासाचं असंन तं हासा.

माहा जन्म तुमसरच्या दवाखान्यात, भूमिकाच्या संगंच. पयली सुई तिथली. सव्वा महिन्यानं आमी महाराष्ट्राची शीव ओलांडून दुसऱ्या राज्यात, चरोद्याले आलो, मंग सब्बन सुया इथल्याच. पाच वर्सं लय मान होता माहा. सुईवाली बाई आंधी मले मांगे, मंगच लेकराले हात लावे. भूमिकाचं शाळेत नाव घातलं त्या दिवशी मास्तरनं मले उलटूनपालटून पाह्यलं आन वापस केलं. बस, तेवढीच माही शाळा. मार्कशीटीइले प्लास्टिक चढलं, मी आलमारीत पेपराखाली दबलो. दर दिवाळीले प्रवीण म्हणे, "फेक ना हा कचरा." रेणू फेके नाही. कावून, थे तिलेबी सांगता नसतं आलं.

आता भूमिकाले नर्सिंगची सीट भेटली. पण मूल निवासीचा अर्ज घेतल्याची पावती आज पाचपर्यंत मोबाइलवर कॉलेजले नाही धाडली, तं सीट दुसरीले. आन खिडकीतला बाबू म्हणते, "जनम महाराष्ट्र का है. पंद्रह साल यहाँ रहने का सबूत दो." शाळेचे कागद बारा वर्साचे. प्रवीणनं छाती फुगवून आपला बिजलीचा बिल पुढं केला. बाबूनं बोटानं ढकलला. "ये आपका है. बाकी तीन साल लड़की कहाँ थी?"

कहाँ थी म्हणे! चरोद्याच्या आंगनबाडीत खिचडी खाऊन रायली होती, आनखी कुठं? धडधडीत पोट्टी समोर उभी, याले दिसत नाही. कागदाबिगर मानूसच दिसत नाही याइले. थू!

रेणूनं मले काढलं. प्रवीण लाजला. "अवो, ठेव थे. इज्जत काढतं का?"

बाबू हासला. "ये क्या है, पान की पुड़िया?"

भूमिकानं खिडकीतून मले टेबलाच्या काचेवर थापलं. "तारीख पढ़िए सर. हर छह महीने की खुराक लिखी है, पाँच साल तक. सब चरोदा की. गिन लो."

बाबूनं चष्मा चढवला. थुकी लावलेलं बोट माह्यावर फिरवलं. शी! तरी गुमान पडून रायलो. पावणेपाच झाले. शेवटी ठप्पा पडला आन पावती भूमिकाच्या हातात आली. तिनं तिथंच फोटू काढून कॉलेजले धाडला.

प्रवीण लगेच मोठ्यानं, "मी म्हणतच होतो, जुने कागद जपावे." खोटारडा! बायकोले एक शब्द नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीबी असा एखादा मळका कागद दबला असंन. जपा त्याले. अन् जे मायबाई जपते, तिलेबी.

"ओरिजिनल यहीं जमा होगा," बाबू म्हणते.

"वापस कब मिलेगा, सर?"

त्यानं मले फाइलीले टोचाले टाचणी काढली. भूमिकाचं बोट अजून माह्या कोपऱ्यावर हाय, सोडूनच नाही रायली.

सोड वो पोट्टे. मले जा लागते आता.