तळाची ओळ

मी एक ओळ बोलतेय. सोफिया शहरातल्या एका संस्थेच्या तक्त्यात मी सगळ्यात खाली असते. माझं नाव 'फरक'. वर जंगलखात्याने नोंदवलेलं लाकूड, मध्ये घरोघरी जाळलेलं लाकूड. दोन्ही जुळलं नाही की उरेल ते माझं.

मला या संस्थेतल्या रुमियानाने जन्म दिला. हिवाळाभर ती डोंगरातल्या गावांत हिंडली. "किती जाळलं?" असं विचारलं की माणसं कुंपणाशी रचलेल्या थप्प्या दाखवत. आमच्याकडे लाकूड थप्पीनेच मोजतात, मीटरभर लांब, रुंद आणि उंच. त्यात ओंडक्यांमधली हवाही मोजली जाते. म्हणून रुमियानाने प्रत्येक आकड्यातून एक तृतीयांश हवा आधीच वजा केली. तरीही मी मोठीच उरले. मी म्हणजे परवान्याशिवाय तोडलेलं, पण चुलीत खरोखर जळलेलं लाकूड.

तिची आई अशाच एका डोंगरी गावात, गोर्ना रेकात राहते. धुरामुळे तिला सलग चार वाक्यं बोलता येत नाहीत. जिथे धूर मर्यादेपेक्षा जास्त, तिथे सरकार नवे स्टोव्ह देणार होतं, आणि धुराचे आकडे आमच्याच तक्त्यातल्या जळलेल्या लाकडावरून काढले जाणार होते.

शुक्रवारी सगळ्या देशांचे आकडे जगाच्या अर्थव्यवस्थेच्या मोठ्या मॉडेलमध्ये जायचे होते. त्याआधी प्रत्येक देशाचा पुरवठा आणि वापर तंतोतंत जुळावा लागतो. माझ्यामुळे आमचं अडलं.

विभागप्रमुख स्टोयमेनोव चीज भरलेली बानित्सा खात तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. "रुमियाना, तुमच्या डोंगरातले लोक हवाच जाळतात वाटतं."

"हवा मी काढलीय, सर. हे लाकूड आहे."

"नोंद कुठाय त्याची?"

"नोंद असती तर फरक कशाला राहिला असता?"

"बाई गं, तुझ्या आईच्या धुराड्यासाठी जग थांबणार नाही. आणखी एकदा हवा काढ."

मग रुमियानानेच ती हवा दुसऱ्यांदा वजा केली. राहिलेला चिमूटभर फरक वरच्या ओळींत वाटून टाकला. मॉडेल जुळलं. कागदावरचा धूर मर्यादेखाली गेला.

आठवड्याने आईचा फोन आला. "स्टोव्हच्या यादीत आपलं गाव लागलं का गं?"

"नाही लागलं."

आई खोकत राहिली. मग म्हणाली, "आपण काय कमी जाळतो का?"



आता मी शून्य आहे. शून्यापाशी कोणी थांबत नाही, नजर सरळ पुढच्या पानावर जाते. तुमच्यापैकी कुणी कधी हा तक्ता उघडलात, तर माझ्यापाशी थोडं थांबा. हवा एकदाच वजा करून बघा, मी लगेच दिसेन. फक्त जमलं तर ते थंडी पडायच्या आत करा.